पडद्यावरची प्रगती आणि वैनगंगेवरचं धरण

न्यूयॉर्कच्या 1939च्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सनं ‘फ्युचरामा’ उभारलं होतं. सरकत्या खुर्च्यांत बसून लोक खाली पसरलेली भलीमोठी प्रतिकृती बघत: 1960 सालची अमेरिका, रुंद महामार्ग, उंच इमारती. तिचं चित्रण ‘टू न्यू होरायझन्स’ (1940) या माहितीपटात आहे. जरूर बघावा. निवेदकाचा आवाज इतका ठाम, की शंकेला जागाच उरत नाही.

आपल्याकडे हाच सूर फिल्म्स डिव्हिजनच्या (स्थापना 1948) माहितीपटांनी लावला. भाक्रा-नांगलसारखी धरणं त्यांत दिमाखात दिसत. मुख्य सिनेमाआधी ते दाखवणं चित्रपटगृहांना बंधनकारक होतं. बुडणाऱ्या गावांची बाजू आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’त (1995) आली.

प्रगतीच्या अशाच स्वप्नातल्या, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. सुरुवातीचा अंदाज 372 कोटींचा, सिंचनाचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर. 2009मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तोवर खर्चाचा आकडा 7,777 कोटींवर गेला होता.

आज पावसाळ्यात 33 दारं उघडली की त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. पण पाणी अडण्याआधीचे घाट, देवळं, धानाच्या बांध्या यांचं चित्रणही जपायलाच हवं, अगदी लग्नाच्या कॅसेटमध्ये वरातीमागे दिसणारं गावसुद्धा. व्हीएचएस फितींना दमट हवेत बुरशी लागते. त्या आताच डिजिटल करून घ्याव्यात.