पिस्तुलाची मूठ : रबरी की लाकडी?

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना बंदूक आणि गोळी यांचे उदाहरण आपण हमखास देतो. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. दोघांचा संवेग सारखा, दिशा मात्र विरुद्ध. फळ्यावर आकडे मांडून बंदुकीचा मागे येण्याचा वेग काढला की उदाहरण संपते. पण खरे पाहता गंमत तिथूनच सुरू होते. मागे येणारी ही वस्तू कोणाच्या तरी हातात असते. तिला थांबवण्याचे काम हाताला करावे लागते आणि हात व धातू यांच्यामध्ये असते ती मूठ.

अमेरिकेत रिव्हॉल्व्हर बाळगणारे पुष्कळ लोक एक उद्योग हौसेने करतात. कारखान्यातून आलेली रबरी मूठ काढून तिच्या जागी अक्रोडाची किंवा शिसवाची लाकडी मूठ बसवतात. स्मिथ अँड वेसनसारख्या कंपन्यांची रिव्हॉल्व्हरे विसाव्या शतकात बराच काळ अक्रोडाच्या मुठी लावूनच विकली जात. १९९० च्या दशकात त्यांच्या बहुतेक नव्या रिव्हॉल्व्हरांवर रबर आले. मऊ रबर सोडून पुन्हा कठीण लाकडाकडे वळणे ही निव्वळ शोभेची हौस आहे का? या प्रश्नाच्या उत्तरात संवेग, दाब, घर्षण आणि दोन पदार्थांची अंतर्गत रचना एवढे सगळे येते.

धक्का किती मोठा?

आधी हिशेब करू. 'पॉइंट अडतीस' या नेहमीच्या काडतुसाची गोळी सुमारे १० ग्रॅम वजनाची असते. तिचा वेग सेकंदाला २४० मीटर धरू. तिचा संवेग झाला ०.०१ × २४० = २.४ कि.ग्रॅ. मीटर प्रति सेकंद. रिव्हॉल्व्हर पोलादी, ९०० ग्रॅमचे असेल तर ते सेकंदाला सुमारे २.७ मीटर वेगाने मागे येईल. (दारूचा वायूही गोळीमागोमाग बाहेर पडतो, त्यामुळे प्रत्यक्षातला वेग थोडा जास्त असतो, तो आपण सोडून देऊ.) या रिव्हॉल्व्हरची गतिज ऊर्जा होते सुमारे ३.२ ज्यूल. एक किलोचे वजन फूटभर उंचीवरून तळहातावर पडले तर जवळजवळ एवढीच ऊर्जा हाताला झेलावी लागते.

आता बलाकडे वळू. नळी १० सें.मी. लांब धरली तर गोळी तिच्यातून एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात बाहेर पडते. एवढ्या वेळात २.४ एकक संवेग द्यायचा तर सरासरी बल २८०० न्यूटनच्या वर जाते, म्हणजे जवळजवळ २९० किलो वजनाइतके! हे बल हातावर पडले असते तर मनगट शाबूत राहिले नसते. सुदैवाने ते पडते रिव्हॉल्व्हरवर. त्याने रिव्हॉल्व्हरला वेग मिळतो आणि गोळी नळीबाहेर पडेपर्यंत ते जेमतेम एक मि.मी. मागे सरकलेले असते. हाताचे काम खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू होते. मनगट आणि कोपर वाकत हात ५ सें.मी. मागे आला तर ३.२ ज्यूल ऊर्जा त्या अंतरात खर्ची पडते. ३.२ भागिले ०.०५ म्हणजे सरासरी ६४ न्यूटन, अर्थात साडेसहा किलो वजनाइतके बल. ते सहज सोसता येते. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, ते याच कारणाने.

मग रबर काय करते?

संवेग किंवा एकूण ऊर्जा कमी करणे रबराच्या हातात नाही. ते आकडे काडतूस आणि रिव्हॉल्व्हरचे वजन मिळून ठरवतात. हात ५ सें.मी. मागे येणारच असेल तर मधला दोन-तीन मि.मी. रबराचा थर त्या अंतरात फारशी भर घालत नाही. त्याचा उपयोग होतो तो पहिल्या क्षणी. मागे येणारा धातू अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्यावर आदळतो. तिथली कातडी पातळ आणि तिच्याखाली मांस थोडे. रबर दबते तेव्हा बल एकदम न वाढता सावकाश वाढते. शिवाय दबलेले रबर जास्त क्षेत्रफळाला टेकते, म्हणून दाब कमी होतो. शिक्षकांच्या लक्षात येईल की इथे दोन स्वतंत्र गोष्टी घडतात : वेळ वाढतो आणि क्षेत्रफळ वाढते.

यातली दुसरी गोष्ट लाकडालाही साधते, पण वेगळ्या मार्गाने. लाकूड दबत नाही, परंतु ते हवे तसे कोरता येते. मूठ तळहाताच्या आकाराबरहुकूम कोरली तर सबंध तळवा तिला टेकतो आणि बल विभागले जाते. याउलट जुन्या धर्तीच्या अरुंद लाकडी मुठींमध्ये मागची पोलादी कड उघडीच राहते. लाकूड असते ते फक्त दोन्ही बाजूंना. अशा मुठीचा मार बेचक्याला चांगलाच जाणवतो. म्हणजे 'लाकूड लागते' ही तक्रार पुष्कळदा लाकडाची नसून आकाराची असते.

लाकडाची दुसरी युक्ती आहे गुळगुळीतपणाची. कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली आहे. नळी हाताच्या वर असल्यामुळे धक्का शस्त्राला मागे ढकलतो आणि त्याच वेळी तोंड वर उचलून फिरवतो. गुळगुळीत लाकूड त्या वेळी हातात किंचित घसरते, रिव्हॉल्व्हर वर कलते आणि धक्का थोड्या जास्त काळात वाटला जातो. रबर हाताला धरून ठेवते, घसरू देत नाही. कोणाला हे सोयीचे वाटते, कोणाला ते.

मात्र एका ठिकाणी निवड करायला फारसा वाव राहत नाही. वरचेच काडतूस ४५० ग्रॅमच्या, अॅल्युमिनियमच्या चौकटीच्या छोट्या रिव्हॉल्व्हरमधून उडवले आणि गोळीचा वेग तोच धरला, तर रिव्हॉल्व्हरचा वेग दुप्पट आणि ऊर्जाही दुप्पट, म्हणजे ६.४ ज्यूल होते. मूठही छोटी, म्हणजे टेकणारे क्षेत्रफळ कमी. दिसायला सुंदर म्हणून अशा शस्त्राला पातळ लाकडी मूठ बसवणाऱ्याचा हात दुखावतो. त्याहून वाईट म्हणजे, गोळी सुटण्याआधीच धक्क्याच्या धास्तीने हात आखडण्याची सवय त्याला लागते आणि नेम बिघडतो.

पाव मिलिमीटरचा प्रश्न

आता उलट टोकाचे उदाहरण घेऊ. ऑलिंपिकमधील १० मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत धक्का नगण्य असतो. २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरने कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यातील काडतूसही लहान, 'पॉइंट बावीस'चे असते. अशा पिस्तुलांना वर्षानुवर्षे अक्रोडाची कोरीव मूठ असते. बोटांसाठी खाचा, तळव्याखाली टेकण्यासाठी कट्टा आणि तोही मागेपुढे सरकवता येणारा. खेळाडू कानशीने घासून आणि लांबी भरून ती मूठ आपल्या हातापुरती बेतून घेतो.

इथे रबर का चालत नाही? एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचे असते. छरा ४.५ मि.मी. व्यासाचा असतो आणि तो वर्तुळाच्या कडेला स्पर्शून गेला तरी गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मि.मी. पर्यंत सरकलेले चालते. १० मीटरवर ८ मि.मी. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या दर्शकांत ३२ सें.मी. अंतर धरले, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने तेवढी चूक व्हायला पुढचा दर्शक सुमारे ०.२६ मि.मी. सरकणे पुरेसे आहे. जेमतेम पाव मिलिमीटर! बोटाने चाप ओढताना मऊ मूठ एका बाजूला एवढी दबणे अगदी शक्य आहे आणि दर वेळी ती सारखीच दबेल याची खात्री नाही. लाकूड मात्र पहिल्या छऱ्याला आणि साठाव्या छऱ्याला हाताशी तसेच बसते.

दोन पदार्थांचे अंतरंग

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या गुंतलेल्या साखळ्या. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये असे आढळले, की गंधक मिसळून तापवल्यावर रबर चिकटपणा सोडते आणि टिकाऊ होते. गंधकाचे अणू साखळ्यांना जागोजागी टाके घालतात. टाके थोडे असतील तर रबर लवचीक राहते. गंधक भरपूर वाढवले तर काळे, कठीण एबोनाइट तयार होते. शाईच्या जुन्या पेनांचे टोपण ज्याचे असे, तोच हा पदार्थ. कोल्टने १८८० च्या दशकात आपल्या रिव्हॉल्व्हरांना अशाच कठीण रबराच्या मुठी लावल्या होत्या. तेव्हा रबरी मूठ ही काही अलीकडची कल्पना नव्हे. मऊ रबरी मूठ मात्र नंतरची.

नैसर्गिक रबराच्या साखळ्यांतील दुहेरी बंधांवर हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन हल्ला करतात. काही साखळ्या तुटतात तेव्हा रबर चिकट होते. नवे टाके पडतात तेव्हा ते कडक होऊन तडकते. खनिज तेल शोषून ते फुगते, आणि शस्त्राला तेल तर लावावेच लागते. कृत्रिम रबरांनी ही दुखणी पुष्कळ कमी केली आहेत.

लाकूड म्हणजे सेल्युलोजच्या नळ्यांची लिग्निनने सांधलेली जुडी. म्हणून त्याचे गुणधर्म सर्व दिशांना सारखे नसतात. पावसाळ्यात आपल्याकडे दारे फुगून चौकटीत अडकतात, ती रुंदीत. उंचीत फरक पडतो तो नाममात्र. मुठीचेही तसेच. तंतू मुठीच्या लांबीच्या दिशेने ठेवले नाहीत तर अरुंद भागात ती तंतूंच्या रेघेवर चिरते. कच्च्या लाकडाची मूठ वाळल्यावर आखडते आणि चौकटीपासून सुटते. मग ती चौकटीला एखाद्या टोकाशीच टेकते, सगळा धक्का त्या टोकावर येतो आणि ढलपा उडतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे इथेही खरे. म्हणून चांगला कारागीर मूठ बसवताना लाकूड पोलादाला सर्वत्र सारखे टेकते की नाही हे तपासतो आणि स्क्रू गरजेपुरताच आवळतो.

लाकडावर जवसाचे तेल चोळतात. ते हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि पातळ, संरक्षक थर बनते. जो ऑक्सिजन रबराला म्हातारे करतो तोच जवसाच्या तेलाला पक्के करतो! (या क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा पडून राहिला तर तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात.) सह्याद्रीत वाढणारे शिसव अशा मुठींसाठी नावाजलेले आहे, पण त्याच्या भुश्शाने काहींना त्वचेची व श्वासाची अॅलर्जी होते. शिसवाच्या डाल्बर्जिया प्रजातीतील लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून साइटिस कराराखाली नियंत्रित आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

यासाठी शस्त्राची मुळीच गरज नाही.

१. एक फळी तिरकी धरा. तिच्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि तो कोणत्या कोनाला घसरतो ते मोजा. मग ठोकळ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पुन्हा मोजा. त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षणांक. रबरावर टाल्कम पावडर भुरभुरून तिसऱ्यांदा मोजा. शेतात धुळीने माखलेल्या रबरी मुठी हातातून का सटकतात ते कळेल.

२. पातळ फळीच्या १० सें.मी. लांबीच्या दोन पट्ट्या कापा, एक तंतूंच्या दिशेने आणि एक आडवी. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी मोजा.

३. दोन सारखे रबरबँड घ्या. एक रॉकेलमध्ये दिवसभर बुडवून ठेवा आणि दुसऱ्याशी तुलना करा. हे काम शिक्षकांनी स्वतः, आगीपासून दूर करावे.

मग रबरी मूठ चांगली की लाकडी? शस्त्र हलके आणि काडतूस जोरदार असेल तर रबर. शस्त्र जड, धक्का कमी आणि अचूकता महत्त्वाची असेल तर हाताबरहुकूम कोरलेले लाकूड. हातोडा, कुदळ, विळा, क्रिकेटची बॅट अशा प्रत्येक मुठीला हेच प्रश्न विचारता येतात : धक्का किती, तो किती वेळात आणि किती जागेवर पडतो, हात घामेजलेला असतो की धुळीचा? विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील एकेक अवजार घेऊन या प्रश्नांची उत्तरे लिहून आणायला सांगावे. मूठ नीट नसलेल्या अवजाराने दिवसभर काम करणाऱ्याच्या तळहातावर घट्टे पडतात, फोड येतात. ते घट्टे नेमके कोठे आहेत हे पाहिले, तर मूठ कोठे चुकली आहे हेही मुलांना दाखवता येईल.