पोलिसाची लेखणी

पोलीस म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम काठी उभी राहते. वास्तविक ठाण्यात नव्याने रुजू झालेल्या उपनिरीक्षकाच्या हाती काठीपेक्षा लेखणीच अधिक काळ असते. फिर्याद, जबाब, पंचनामा, जप्त मुद्देमालाची यादी, ठाण्याची दैनंदिनी, तपासाची रोजनिशी असे काही ना काही त्याला अहोरात्र लिहावे लागते. हे लेखन कोणी हौसेने वाचीत नाही. पण ज्यांना ते वाचावे लागते त्यांच्यापुढे कोणाच्या तरी स्वातंत्र्याचा किंवा कोणावर तरी झालेल्या अन्यायाचा प्रश्न असतो. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे लोटलेली असतात. साक्षीदाराची स्मृती अंधुक होते, आणि तिची पारख करण्यासाठी हाताशी उरतो तो त्या दिवशीचा कागद. तो कसा लिहावा हे नव्या अधिकाऱ्याला शिकविणे म्हणूनच कवाईत शिकविण्याइतकेच अगत्याचे आहे.

कायद्याची अपेक्षा मोजक्या शब्दांत सांगता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतली, तरी ही अपेक्षा मुळात बदललेली नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणी तोंडी दिली तर ती लिहून घ्यावी, खबर देणाऱ्यास वाचून दाखवावी, त्याची सही घ्यावी आणि एक प्रत त्याला विनामूल्य द्यावी. यात कठीण ते काय, असे नव्या पदवीधर उमेदवारास वाटते. कठीण काय ते एखाद्या उदाहरणावरून चटकन ध्यानात येते.

समजा, एक शेतकरी बाई ठाण्यात आली आहे. ती सांगते, “भाऊबंदांनी आमचा बांध कोरला. मी आडवी गेले, तर थोरल्यानं खुरप्याचा दांडा माझ्या मनगटावर मारला. धाकटा नुसता उभा राहून हसत होता.” कागदावर उतरते ते असे: “आरोपींनी आपसात संगनमत करून फिर्यादीस शिवीगाळ केली, लाथाबुक्क्यांनी व काठीने मारहाण करून जिवे मारण्याची धमकी दिली.” लिहिणाऱ्याच्या मनात कपट नसते. किंबहुना गुन्हा कायद्याच्या चौकटीत नीट बसावा, अशी त्याची सदिच्छाच असते. पण खुरप्याच्या दांड्याची काठी झाली. हसणारा धाकटा मारणारा झाला. लाथाबुक्क्या आणि धमकी तर बाईच्या तोंडी नव्हत्याच.

पुढे ती बाई न्यायालयात शपथेवर खरे तेच सांगते. बचावाचा वकील तिच्यापुढे तिचीच सही असलेली फिर्याद धरतो आणि विचारतो, “काठी खरी की दांडा खरा?” साक्षीदाराच्या आधीच्या निवेदनातून महत्त्वाची गोष्ट गळली असेल, तर ती गळणेसुद्धा परिस्थितीनुसार विसंगती ठरू शकते. अशा रीतीने लेखकाच्या घाईची शिक्षा बोलणारीला होते. मारणारा सुटतो, किंवा याहून वाईट म्हणजे, कागदावर विश्वास ठेवला गेला तर केवळ हसणाराही शिक्षेस पात्र ठरतो.

साचेबंद वाक्यांचा हा रोग जबाबांतही आहे. प्रत्येक साक्षीदाराचे म्हणणे लिहून घेतल्यास त्याची स्वतंत्र आणि खरी नोंद करावी, असे संहिता सांगते. तरीही एका प्रकरणात साक्षीदारांचे जबाब शब्दशः एकमेकांची नक्कल असल्याचे आढळले. परिच्छेद एकाच शब्दाने सुरू होत होते आणि एकाच शब्दाने संपत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२५ मध्ये या प्रवृत्तीची स्वतःहून गंभीर दखल घेतली. चार माणसांनी एकच घटना चार ठिकाणांहून पाहिली असेल, तर त्यांच्या सांगण्यात फरक असणारच. तो फरक हेच त्यांच्या खरेपणाचे लक्षण असते, आणि नेमका तोच नक्कल करताना पुसला जातो.

दोष जुन्या शब्दांचा आहे, असे पुष्कळांना वाटते. दिल्लीत तक्रारदारांना न उमगणाऱ्या उर्दू-फारसी शब्दांचा प्रश्न २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयापुढे आला, आणि सोपी भाषा वापरण्याचे आदेश पोलिसांना मिळाले. तेथे ते योग्यच होते. पण मराठी ठाण्यातील फिर्याद, जबाब, मुद्देमाल, इसम हे शब्दही फारसी-अरबी वळणाचे असून खेड्यातल्या माणसाला ते परके नाहीत. त्यांच्या जागी संस्कृत शब्द बसवून अर्थ उजळेलच असे नाही. अडचण निराळीच आहे. “वर नमूद सदर इसमाने त्यास मारहाण केली” या वाक्यात वर तीन इसम नमूद असतील तर कोणी कोणास मारले? “मारहाण करण्यात आली” असे लिहिले की मारणारा वाक्यातून पसारच होतो. म्हणून प्रत्येक वाक्यात कर्ता नावानिशी असावा, आणि नाव ठाऊक नसेल तर “निळा सदरा घातलेला” अशी खूण तरी असावी.

पाहिलेले आणि ताडलेले यांतला भेद शिकविणे याहून अवघड. पंचनाम्यात “पिवळ्या धातूचे मंगळसूत्र” असे लिहिलेले पाहून लोक हसतात. सोन्याला सोने म्हणायला काय हरकत आहे? हरकत आहे, कारण पंचांनी रंग पाहिला, कस नव्हे. जमिनीवर दिसतात ते रक्तासारखे तांबडे डाग. ते रक्त आहे की नाही हे प्रयोगशाळा सांगेल. माणूस “दारूच्या नशेत होता” असे लिहिण्यापेक्षा त्याच्या तोंडास वास येत होता, पाय लटपटत होते, हे लिहावे. अंतराच्या बाबतीतही तेच. “थोड्या अंतरावर” याला न्यायालयात काही किंमत नाही. विहिरीच्या कठड्यापासून पूर्वेस टेपने मोजून किती मीटर, याला आहे.

डोळ्यांदेखतची गोष्टही माणूस किती चुकीची सांगतो याचा अनुभव वर्गातच देता येतो. बर्लिन विद्यापीठात १९०१ साली फ्रान्झ फॉन लिस्ट या कायदेपंडिताने आपल्या वर्गात आधी ठरवून एक भांडण घडवून आणले. त्यात पिस्तूलही निघाले. मागाहून विद्यार्थ्यांना हकीकत विचारली, तेव्हा ज्याने सर्वांत कमी चुका केल्या त्याचीही सुमारे २६ टक्के विधाने चुकीची निघाली, असे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग याने १९०८ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. असा प्रयोग प्रशिक्षणवर्गात करावा, आणि मग उमेदवारांचे कागद आपसांत बदलून एकाला दुसऱ्याच्या कागदाचा बचाव-वकील करावे. व्याकरणाची तांबडी शाई जे शिकवीत नाही ते अशी उलटतपासणी घटकाभरात शिकविते.

फिर्याद लिहिताना आधी लेखणी खाली ठेवून माणसाला मध्ये न तोडता बोलू द्यावे. मग वेळ, स्थळ, कोणी काय केले हे एकेक विचारावे. उशीर झाला असेल तर त्याचे कारण त्याच्याच शब्दांत नोंदवावे. उशिराने दिलेल्या खबरीत मागाहून भर पडण्याचा धोका असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये थुलिया काली खटल्यात म्हटले आहे; पण आधी जखमी मुलाला दवाखान्यात नेले, मग एसटी चुकली, हे कागदावर असेल तर त्या शंकेला उत्तर मिळते. झडती आणि जप्तीचे चित्रण करणे नव्या संहितेने आवश्यक केले, म्हणून लिहिण्याचे महत्त्व घटले असे मानणे भाबडेपणाचे आहे. पोलीस येण्यापूर्वी बांधावर काय घडले, हे त्या चित्रणात कोठून दिसणार?

खरी कसोटी पहिल्या नेमणुकीत लागते. रात्रीचे अकरा वाजलेले, बाकावर तिघे ताटकळत बसलेले, आणि शेजारी एक जुना अंमलदार, ज्याला सगळा साचा मुखोद्गत आहे. “साहेब, असंच लिहायचं असतं,” असे तो ममतेनेच सांगतो, आणि प्रशिक्षणशाळेतले धडे महिनाभरात पुसले जातात. तेथे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला एक साधी गोष्ट करता येते. नव्या उपनिरीक्षकाने लिहिलेली फिर्याद बाईला वाचून दाखविली जात असताना त्याने जवळ बसावे, आणि सही घेण्यापूर्वी तिला विचारावे, “बाई, यातलं तुम्ही न बोललेलं काही आहे का?”