धोटा गेला की कांडीवाली कुठे जाणार?

कापडाच्या धंद्यात यंत्र बदलले की चर्चा होते ती मागमालकाची. कर्ज किती, हप्ता किती, कापड मीटरला कितीला पडते. मागाभोवतीच्या लहान कामांचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

साधा यंत्रमाग धोट्यावर चालतो. धोट्यात कांडी, कांडीवर बाण्याचे सूत. ती थोड्या वेळात संपते, म्हणून एका मागाला दिवसभरात कांड्यांचा ढीग लागतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत कांड्या भरून कितीतरी बायकांनी घरे चालवली. रेपियर मागात धोटाच नसतो. बाण्याचे सूत थेट कोनवरून ओढले जाते. कांडी नाही, तेव्हा भरणारीही नाही. कोणी तिला काढून टाकत नाही. तिचे कामच कारखान्यातून उठते.

हातमाग बसले तेव्हाची गोष्ट वेगळी होती. 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी मालेगावात हातमाग वाढवले. पुढे यंत्रमाग आले. 1985 साली केंद्र सरकारने कायदा करून 22 प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले, नंतर ती यादी 11 वर आणली. तरी राखीव कापड यंत्रमागावर निघतच राहिले. पण हातमागाच्या कारीगराला यंत्रमागावर जागा मिळू शकली, कारण ताणा-बाणा आणि तुटला धागा जोडणे त्याच्या हातात होते. कांडीवालीचे हुन्नर मात्र कांडीपुरतेच.

यात आम्ही व्यापारीही आहोत. कांडी बदलताना कापडावर पट्टा पडू शकतो. तयार कपडेवाला असा माल परत करतो, मग आम्ही रेपियरचे कापड मागतो. वर वेगाचा फरक आहेच: साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिके टाकतो, रेपियर त्याच्या दुपटीहून अधिक.

सगळीच कामे जातात असे नाही. जुन्या बीमचे धागे नव्या बीमला जोडायला नॉटिंग मशीन आले, पण डिझाइन बदलले की वहीफणी भरावीच लागते. हाताने भरणाऱ्याला आजही मान आहे. कापड जास्त निघाले की तपासणी, मेंडिंग आणि घडीचे कामही वाढते. कांडीवालीला तिथे बसवता येईल, तिची नजर सुतावर तयार असते. 1999 ची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना यंत्रांच्या कर्जासाठी होती. हे शिकवणे मालकालाच करावे लागेल, आणि तेही जुने माग भंगारात वजनावर जाण्याआधी.

एक गोष्ट आधीच ठरवावी. तपासणीची मजुरी मीटरवर न देता रोजावर द्यावी. मीटरवर दिली की घाईत दोष सुटतात आणि तोच माल आमच्या दुकानातून परत येतो.