रात्रीच्या दिव्यांचा हिशेब

दर दिवाळीत एक फोटो मोबाइलवर फिरतो. काळ्या पटावर भारत, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली ओळ : दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला देश. चित्र अस्सल आहे, पण ते दिवाळीचं नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी अनेक वर्षांच्या उपग्रह-चित्रांमधून ते तयार केलं. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मध्ये पहिल्यांदा उजळलेले लाल. वीज आणि तिच्या मागोमाग पैसा कुठे पोचला, त्याचा दहा-बारा वर्षांचा तो नकाशा आहे. खऱ्या दिवाळीतलं चित्र ‘नासा’ने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. पणत्या आणि आकाशकंदिलांनी पडणारी भर त्यात जवळपास जाणवतच नाही.

दिवे मोजायचे म्हणून एल्विज यांनी वापरलेले उपग्रह सोडलेच नव्हते. अमेरिकी लष्कराला हवामानासाठी रात्रीचे ढग बघायचे होते. चांदण्यातही ढग दिसावेत, इतका तरल संवेदक त्यासाठी बसवला. आभाळ निरभ्र असलं की त्याला खालची शहरं, तेलविहिरींच्या ज्वाळा आणि वणवे दिसू लागले. १९९२ पासूनची ही चित्रं संगणकावर वापरता येतील अशा रूपात उपलब्ध आहेत. साधारण एक चौरस किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीला ० ते ६३ असा एक आकडा. शून्य म्हणजे काळोख.

या आकड्यांकडे अर्थशास्त्रज्ञांचं लक्ष गेलं, ते हिशेबाच्या अडचणीमुळे. अनेक गरीब देशांत जीडीपीचे आकडे उशिरा येतात आणि विश्वासार्हही नसतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं, की एखाद्या देशातले दिवे १ टक्क्याने वाढले, तर जीडीपीत साधारण ०.३ टक्के वाढ अपेक्षित धरता येते. त्यांच्या लेखातलं मादागास्करचं उदाहरण मला विलक्षण वाटतं. १९९८ च्या अखेरीस इलाकाका या गावाजवळ नीलमण्यांचे साठे सापडले. त्या वर्षीच्या चित्रात गावाच्या जागी काळोख आहे, आणि २००३ च्या चित्रात तिथे दिवे आहेत. सरकारी कागदात नोंद होवो न होवो, खाणीमागून आलेली माणसं, दुकानं, खानावळी उपग्रहाने टिपल्या होत्या.

आपल्याकडेही हे साधन उपयोगी पडलं. २०१६ च्या नोटबंदीनंतर अर्थशास्त्रज्ञ गीता गोपीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हावार दिव्यांचा अभ्यास केला. नव्या नोटा जिथे कमी पोचल्या, तिथे आर्थिक व्यवहारही जास्त आक्रसले होते. त्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत देशाच्या उत्पादनाला किमान २ टक्के-बिंदूंचा फटका बसला, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आपल्या अर्थव्यवस्थेचा मोठा भाग असंघटित. अशा वेळी टपरी, गिरणी, वर्कशॉप यांची खबर देणारं दुसरं साधन तेव्हा हाताशी फारसं नव्हतं.

मात्र दिवा म्हणजे सुबत्ता, असं सरळ समीकरण मांडलं की फसगत होते. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात मुंबई हायच्या तेलक्षेत्रातल्या ज्वाळा झगझगीत दिसतात. तिथे गाव नाही, वस्ती नाही. किनाऱ्यापासून दूर प्रखर दिवे लावून मासेमारी करणाऱ्या नौकाही उपग्रहाला दिसतात. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. कोकणातले पारंपरिक मच्छीमार आजही तिच्या कडक अंमलबजावणीसाठी भांडत आहेत. तिथला उजेड त्यांच्या ताटातला घास हिरावणारा आहे. उलट कोल्हापूर-सांगलीचा उसाचा पट्टा घ्या. पैसा शेतात उभा असतो, पण रात्री ते शेत काळंच दिसतं.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. जुन्या उपग्रहांचा आकडा ६३ ला अडायचा. शहराचा मध्यभाग कितीही उजळला तरी ६३ च. २०११ मध्ये गेलेल्या ‘सुओमी’ उपग्रहाने ती अडचण दूर केली, पण तो येतो रात्री दीडच्या सुमाराला. संध्याकाळच्या गजबजलेल्या बाजाराचं शटर तेव्हा कधीच खाली आलेलं असतं. शिवाय त्याच्या संवेदकाला निळा प्रकाश दिसत नाही. पालिकेने पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले की रस्त्यावरच्या माणसाला लख्ख दिसतं आणि उपग्रहाला मात्र तेच शहर मंदावल्यासारखं वाटू शकतं. ही बाब लक्षात न घेता कोणी शहराची पीछेहाट झाल्याचा अहवाल लिहिला, तर तो चुकीचा ठरेल.

सगळ्यात मोठी उणीव गरिबीच्या तळाशी आहे. अतिगरीब गाव आणि जरा बरं गाव, दोन्ही रात्री सारखीच काळी. यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तोडगा काढला. त्यांनी संगणकाला दिवसाची चित्रं दाखवली आणि त्यावरून रात्रीचे दिवे ओळखायला शिकवलं. शिकता शिकता तो रस्ते, पाणी, वस्तीची ठेवण आपोआप हेरू लागला. मग घरोघरच्या पाहणीतल्या थोड्या माहितीशी ते जोडलं. नायजेरिया, टांझानिया, युगांडा, मलावी आणि रवांडा या पाच देशांत गावागावांमधल्या आर्थिक तफावतीचा ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग या पद्धतीने सांगता आला.

त्या पद्धतीचाही पाया घरोघर जाऊन केलेली पाहणी हाच होता. आपल्याकडे जनगणनेचे शेवटचे आकडे २०११ चे आहेत. २०२१ ची गणना लांबली आणि आता ती २०२७ साठी ठरली आहे. घरात चूल आहे की गॅस, पाणी कुठून येतं, कोण शिकतंय, कोण कामासाठी परगावी गेलंय, हे छपराखालचं चित्र कोणत्याही संवेदकाला दिसत नाही. म्हणून प्रगणक दारात येईल तेव्हा त्याला बसायला सांगा आणि प्रत्येक प्रश्नाचं खरं, पूर्ण उत्तर द्या.