दंतवल्काची जडणघडण आणि फ्लोराईडयुक्त पाणी

चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत शाळकरी मुलांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे वा तपकिरी डाग आढळतात. दात नीट न घासल्याचा हा परिणाम नव्हे. हा दंत-फ्लोरोसिस होय. त्याचे मूळ पिण्याच्या पाण्यात असते आणि विकृती घडते ती दात हिरडीबाहेर येण्यापूर्वी.

दंतवल्क म्हणजेच इनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा, उरलेला पाणी व प्रथिने यांचा असतो. कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त हायड्रॉक्सिॲपेटाइट या खनिजाचे लांबट, अतिसूक्ष्म स्फटिक जुडीसारखे एकत्र येऊन साधारण ५ मायक्रोमीटर रुंदीचे दंड बनतात. नुसते खनिज ठिसूळच. परंतु हे दंड वळणे घेत परस्परांत गुंतलेले असल्याने पडलेली चीर सरळ आत जात नाही.

दंतवल्क घडविणाऱ्या पेशी प्रथम प्रथिनांचा साचा तयार करतात. पुढे ही प्रथिने काढून घेतली जातात व मोकळ्या जागेत स्फटिक जाड होत जातात. शरीरात फ्लोराईड अधिक असल्यास प्रथिने निघून जाण्यास विलंब होतो आणि स्फटिकांमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. पृष्ठभागाचा पातळ थर मात्र बऱ्यापैकी भरीव असतो. सच्छिद्र भाग त्याच्याखाली दडलेला असतो. म्हणूनच दात उगवताना केवळ निस्तेज पांढरा दिसतो. तपकिरी रंग नंतर पोकळ्यांत बाहेरून शिरतो आणि तीव्र विकारात चावण्याच्या दाबाने वरचा थर तुटून खड्डे पडतात.

येथे विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. अल्प प्रमाणातील फ्लोराईड दातांना उपकारक असते, कारण त्यामुळे पृष्ठभागावरील खनिज आम्लात सहज विरघळत नाही. पण आम्लाला टिकणे वेगळे आणि दाबाला टिकणे वेगळे.

फ्लोराईड येते खडकांतून. वाराणसीच्या राजा घाटाखालून वाहणाऱ्या गंगेसारख्या नद्यांच्या पाण्यात ते सहसा कमी असते. दक्षिणेकडील सोनभद्र जिल्ह्यातील कठीण खडकांतल्या भूजलात मात्र अनेक ठिकाणी अधिक आढळते. पूर्व विदर्भातही ग्रॅनाइट व नाइससारख्या खडकांतील खोल कूपनलिकांबाबत हाच अनुभव येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराईड स्वीकारार्ह, तर पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते.

नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी व चुना वापरून फ्लोराईड साक्यासह खाली बसविले जाते. पद्धत स्वस्त आहे, परंतु मात्रा रोज अचूक द्यावी लागते आणि साक्याची विल्हेवाटही लावावी लागते. गावपातळीवर अडते ते बहुधा येथेच. केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

दात उगवताच दंतवल्क घडविणाऱ्या पेशी नष्ट होतात. त्यामुळे सदोष दंतवल्क पुन्हा घडत नाही, फार तर दंतवैद्य त्यावर आवरण चढवू शकतो. पुढच्या कायम दातांसाठी पहिली तीन वर्षे विशेष निर्णायक असतात. गावाचा पाणीस्रोत आज बदलला, तरी सातवी-आठवीतील मुलांचे डाग जाणार नाहीत. फरक दिसेल तो आज पाळण्यात असलेल्या बालकांना सहा-सात वर्षांनी कायमचे दात येऊ लागतील तेव्हा.