फळें खाणाऱ्या पांखरांचीं छायाचित्रें

शेतकरी बंधूंनो, धुऱ्यावरील बोरीवर किंवा आंब्यावरील बांडगुळावर पांखरें येतात व फळें खाऊन उडून जातात, हें दृश्य आपणांपैकीं कोणासही नवीन नाहीं. परंतु कोणतें पांखरूं कोणतें फळ खातें, असें विचारिलें तर छातीठोक उत्तर देणारा विरळाच आढळेल. कारण पांखरें चपळ आणि आपली नजर उतावळी. अशा कामीं छायाचित्र फार उपयोगी पडतें.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. तेथें पंचनाम्यास किंमत येते ती तो जागेवर, वस्तु जशाच्या तशा असतांना केलेला असतो म्हणून. पांखरांच्या छायाचित्रासही हाच नियम लागू आहे. तोडून मांडलेल्या फळांवर बोलाविलेल्या पांखराचें चित्र देखणें निघेल. पण तें पांखरूं आपल्या शिवारांत स्वतः होऊन काय खातें, याचा पुरावा त्यांत नसतो.

एक अनुभव सांगतों. नागपुराजवळील आमच्या आमराईंत बांडगूळ माजलें. सर्वांनीं दोष बुलबुलांवर ठेविला आणि शेजारचीं मुलें गलोली घेऊन आलीं. त्यांस आठ दिवस दम धरावयास सांगून, पुतण्याचा कॅमेरा मागून घेऊन मी झाडाखालीं बसलों. पहिल्या दिवशीं फळांचा घोंस नीट दिसावा म्हणून भोंवतालचीं पानें मींच खुडलीं. तीन दिवस त्या घोंसाकडे एकही पांखरूं फिरकलें नाहीं. चूक माझीच होती. मग हात न लाविलेला दुसरा घोंस धरून बसलों. पांचव्या सकाळीं चित्र मिळालें. फुलटोच्या नांवाचें तें अंगठ्याएवढें पांखरूं. लांबी सुमारें ८ सेंटिमीटर, रंग मळकट करडा, चोंच फिकट. चोंचींत बांडगुळाचें सबंध फळ. त्याच सकाळीं बुलबुलाचेंही चित्र निघालें. त्याच्या चोंचींत अळी होती. मुलांनीं गलोली घरीं नेल्या.

फुलटोच्याचें हें वर्तन शास्त्रज्ञांस ठाऊक आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं कोंकणांतील बांडगूळ व त्याचा प्रसार करणारीं पांखरें यांविषयीं १९३१ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लिहिलें होतें. फळाचा गर पचतो, चिकट बी मात्र तसेंच बाहेर पडून फांदीस चिकटतें. तेथेंच अंकुर फुटतो, मूळ सालींत शिरतें आणि झाडाचें पाणी व क्षार ओढूं लागतें. तथापि फुलटोच्यास मारणें हा उपाय नव्हे. तो किडे व कोळीही खातो. फळें पिकण्यापूर्वींच, बांडगूळ जेथें रुजलें असेल त्याच्या बरेंच खालून फांदी कापावी. तसेंच बुलबुल अगदीं निर्दोष आहे असेंही नव्हे. घाणेरीचीं काळीं फळें खाऊन तिचें बी तो शेताच्या कडेनें पसरवितो.

आतां कृति सांगतों. पांखरामागें धांवूं नये. पिकलेला घोंस निवडावा. ऊन चढण्यापूर्वीं पऱ्हाटीच्या किंवा कडब्याच्या आडोशास, सूर्य पाठीशीं घेऊन बसावें आणि कॅमेरा घोंसावर आधींच जुळवून ठेवावा. भिंग ३०० ते ४०० मिलिमीटरचें व शटरचा वेग सेकंदाचा १/१००० असल्यास चंचल पांखरूंही स्पष्ट येतें. पांखराचा डोळा स्वच्छ आला म्हणजे चित्र साधलें. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून त्यास फसवूं नये. घरट्यापाशीं तर जाऊंच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पांखरांचीं अंडीं व घरटीं यांस उपद्रव देणें हेंही शिकारींत मोडतें. तारीख, गांव, झाडाचें नांव, आणि फळ गिळलें कीं टोचून टाकिलें, हें त्याच दिवशीं वहींत लिहावें. शहरांतील मित्रांस अंबाझरी, गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्स येथें, तेथील नियम पाळून, हाच अभ्यास करितां येईल.

असो. धुऱ्यावरील झुडूप तोडण्यापूर्वीं व पांखरांस दोष देण्यापूर्वीं प्रत्येकानें असा एक पंचनामा अवश्य करावा. घाईनें निकाल दिला तर पांखरूं जीवास मुकतें, अळ्या माजतात आणि बांडगूळ होतें तेथेंच राहतें. नुकसान शेवटीं शेतकऱ्याचेंच.