मुक्त फोनवाले आपसांत का भांडतात?

मोबाइल फोनसाठी मुक्त फर्मवेअर लिहिणारी माणसे जगात मुळातच थोडी, आणि त्या थोड्यांतही तट. एक गट दुसऱ्याच्या कामाला हात लावत नाही, दुसरा पहिल्याला सोवळ्यातला म्हणून हिणवतो, आणि तिसऱ्याच्या मते दोघेही आयुष्य वाया घालवत आहेत. बाहेरून पाहणारा याचा सोपा अर्थ लावून मोकळा होतो: हेकट प्रोग्रामर एकत्र आले की दुसरे काय होणार! पण गेल्या सुमारे वीस वर्षांतल्या घटना तपासल्या तर हा अर्थ टिकत नाही. या काळात फोन बदलले, प्रकल्प बदलले, वाद घालणारी माणसेही बदलली. वादाचे मुद्दे मात्र तेच राहिले. तेव्हा दोष स्वभावात शोधण्याआधी ज्या वस्तूवर ही मंडळी काम करतात तिची घडण पाहावी. ती घडणच अशी आहे की प्रत्येकाला कुठे ना कुठे तडजोड करावी लागते, आणि एकाची तडजोड दुसऱ्याची वाट बंद करते.

फोनमध्ये निदान दोन संगणक असतात. एकावर अँड्रॉइडसारखी प्रणाली चालते. तो आपल्याला दिसतो. दुसरा बेसबँड, म्हणजे टॉवरशी बोलणारा मॉडेम. त्याचा प्रोसेसर वेगळा, त्यावरचे फर्मवेअर वेगळे, आणि ते लिहिणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. काम मात्र विलक्षण काटेकोर. जुन्या जीएसएममध्ये एका फ्रेमला सुमारे ४.६ मिलिसेकंद मिळतात, तिचे आठ भाग पडतात, आणि आपल्या फोनने आपल्या वाट्याच्या भागातच, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात, आपले बोलणे उरकायचे असते. जरा उशीर झाला की शेजाऱ्याच्या संभाषणात व्यत्यय. लिनिएजओएससारखी पर्यायी प्रणाली फोनवर चढवली तरी बेसबँडमधला हा कोड होता तसाच राहतो. त्यात काय आहे हे फोनच्या मालकाला कळत नाही, आणि चूक सापडली तरी त्याला ती दुरुस्त करता येत नाही. चुका सापडतात, हे मात्र खरे. मार्च २०२३ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या पथकाने सॅमसंगच्या एक्झिनॉस मॉडेममधल्या १८ त्रुटी जाहीर केल्या. त्यांपैकी चार अशा होत्या की हल्लेखोराला फक्त फोन नंबर माहीत असला तरी पुरे. मालकाने कशालाही हात लावायची गरज नव्हती.

हे कोडे सोडवण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न ओपनमोको या कंपनीचा. २००७ मध्ये तिचा निओ १९७३ विकसकांच्या हाती पडला. हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल झाला ते १९७३ हे साल त्याच्या नावात होते. पुढच्या वर्षी फ्रीरनर आला. मुख्य प्रोसेसरवर लिनक्स, आराखडेही खुले. पण मॉडेममध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची कॅलिप्सो ही चिप, आणि तिचे फर्मवेअर गोपनीयतेच्या कराराखाली बंद. या बंदपणाची किंमत एका दोषाने दाखवून दिली. प्रकल्पाच्या नोंदवहीत तो १०२४ या क्रमांकाने ओळखला जाई. मॉडेम गाढ झोपेच्या अवस्थेत गेला की फोनचा नेटवर्कशी संबंध वारंवार तुटे आणि पुन्हा जुळे. झोप बंद ठेवावी तर बॅटरी भराभर उतरे. शेवटी उपाय निघाला तो बोर्डावरचा एक छोटा कपॅसिटर बदलण्याचा. म्हणजे दोष विद्युतमंडलात होता. पण संशयित फर्मवेअर उघडून पाहताच येत नसेल तर ते निर्दोष आहे हे ठरवायचे कसे? बंद कोडमुळे केवळ दुरुस्ती अडत नाही, निदानही अडते.

त्याच चिपपासून पुढे दोन वाटा फुटल्या. पहिली ऑस्मोकॉमबीबी. ओपनमोकोत काम केलेले जर्मन विकसक हाराल्ड वेल्टे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये ती हाती घेतली. यंत्र म्हणून निवडले मोटोरोलाचे सी११८, सी१२३ यांसारखे साधे फोन. याच मालिकेतला सी११५ भारतातही विकला जात असे. आपल्याकडच्या कित्येकांचा पहिला मोबाइल तोच असेल. हेच फोन का? ते स्वस्त होते, हेडफोनच्या छिद्रातून त्यांच्यात कोड भरता येई, आणि कॅलिप्सोबद्दलची बरीच माहिती आधीच बाहेर फुटलेली होती. मात्र कोड त्यांनी स्वतः, नव्याने लिहिला आणि जीपीएल परवान्याखाली खुला केला. या रचनेत फोनमध्ये फक्त सर्वांत खालचा थर चालतो. वरचे थर केबलने जोडलेल्या संगणकावर. संशोधकासाठी हे उत्तम, खिशात घालून फिरणाऱ्यासाठी निरुपयोगी. आणि इथेही पूर्ण मुक्ती नव्हतीच: कॅलिप्सोतल्या सिग्नल प्रोसेसरचा कोड चिप घडवतानाच तिच्या रॉममध्ये कोरलेला असतो. तो कोणालाच बदलता येत नाही, म्हणून सर्वांनी तो गृहीत धरला.

दुसरी वाट फ्रीकॅलिप्सोची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेसबँडच्या धंद्यातून अंग काढून घेतले होते, आणि त्या फर्मवेअरच्या सोर्स कोडचे तुकडे फुटून बाहेर आले होते. फ्रीकॅलिप्सोने ते जुळवले, काही भाग नुसत्या यंत्रसंकेतांच्या रूपात होते त्यांच्यावर मेहनत घेतली, आणि चिपमध्येच चालणारे, संगणकाच्या आधाराविना कॉल करू शकणारे फर्मवेअर उभे केले. ते ओपनमोकोच्या मॉडेमवरही चालवता येते. उपयोगाच्या कसोटीवर हे यश मोठे आहे. पण त्या कोडवर स्वामित्वहक्क कंपनीचाच, आणि कंपनीने तो सोडलेला नाही. तंट्याचे मूळ इथे आहे. फुटलेला कोड वापरणाऱ्यांचा युक्तिवाद असा की निर्माता बाजारातून गेला, नुकसान कोणाचेही नाही, आणि चालणारा कोड समोर असताना तो शून्यातून पुन्हा लिहिणे म्हणजे द्राविडी प्राणायाम. नव्याने लिहिणारे म्हणतात की आमच्या साठ्यात त्या कोडची एक ओळ शिरली तरी वर्षानुवर्षांचे काम कायद्याच्या कचाट्यात सापडेल. मग आमचा जीपीएल परवानाच लुळा पडेल, कारण जे आपले नाही ते वाटण्याचा हक्क आपल्याला कसा असणार?

माझ्या मते या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत, आणि म्हणूनच समेट होत नाही. माणसे कितीही गोड बोलली तरी हे दोन साठे एकत्र करता येणार नाहीत. अडथळा परवान्याचा आहे, सौजन्याचा नाही. कोणाच्या पारड्यात वजन टाकायचे असेल तर मी नव्याने लिहिणाऱ्यांच्या टाकीन. कारण त्यांचे काम पुढच्या माणसाला निःशंकपणे घेता येते. शिवाय अभ्यासाला कायद्यातही जागा आहे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातले कलम ५२ सांगते की कायदेशीरपणे हाती असलेला प्रोग्राम कसा चालतो हे पाहणे, तपासणे, आणि स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळावा म्हणून अन्यथा सहज न मिळणारी माहिती त्यातून काढणे हा हक्कभंग नव्हे. फुटलेला कोड उचलून वाटण्याला ही सवलत नाही. पण ही वाट किती संथ आहे याचीही जाण ठेवावी. ऑस्मोकॉमबीबी सुरू झाली तेव्हा जीएसएम, म्हणजे टूजी, जुने झालेच होते. आजच्या मॉडेममध्ये तर कंपनीची सही नसलेले फर्मवेअर चिप सुरूच करत नाही, त्यामुळे कोड लिहिता आला तरी चढवता येत नाही.

म्हणून तिसरी वाट: मॉडेम बंद आहे तर असो, त्याला एका कोपऱ्यात डांबा. प्युरिझमच्या लिब्रेम ५ मध्ये मॉडेम वेगळ्या कार्डावर बसवला आहे, आणि त्याचा वीजपुरवठा तोडणारे बटण फोनच्या कडेला आहे. या वाटेची गरज रेप्लिकंट या प्रकल्पाने २०१४ मध्येच दाखवून दिली होती. सॅमसंग गॅलक्सी मालिकेतल्या काही फोनमध्ये मॉडेमच्या आज्ञेवरून मुख्य प्रोसेसर आपल्या साठ्यातल्या फाइली वाचतो, लिहितो, असे त्यांना आढळले. त्यांनी याला मागचा दरवाजा म्हटले. हा शब्द अतिरंजित आहे, दुरून कोणी त्याचा वापर केल्याचा पुरावा नाही, अशी टीका सुरक्षातज्ज्ञांकडून झाली. टीका रास्त होती. पण मॉडेमला इतकी मुभा असू नये हा मूळ मुद्दा तिने खोडला जात नाही.

या तिसऱ्या वाटेवर मात्र एक गमतीदार वळण आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काही उपकरणांना ‘तुमच्या स्वातंत्र्याचा आदर करणारे’ असे प्रमाणपत्र देते. मुख्य प्रोसेसरवर बंद कोड चालता कामा नये ही त्याची अट; दुय्यम प्रोसेसरमधल्या, कधीच न बदलणाऱ्या कोडकडे मात्र काणाडोळा. लिब्रेम ५ ची मेमरी सुरू करायला एक छोटा बंद कोड लागतो. तेव्हा प्युरिझमने २०१८ मध्ये योजना मांडली की हा कोड वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये ठेवू आणि त्याच प्रोसेसरच्या पोटातल्या एका लहान, दुय्यम गाभ्याकडून चढवू. म्हणजे कोड तोच, काम तेच, मालकही तोच. फक्त हमाल बदलला की उपकरण शुद्ध! या नियमामागे विचार नाही असे नाही. जे कधीच बदलत नाही ते विद्युतमंडलासारखेच मानावे, असा तो विचार. पण परिणाम उलटा होतो: दुरुस्त करता येईल असा बंद कोड अशुद्ध ठरतो, आणि दुरुस्त करताच येणार नाही असा बंद कोड पवित्र. डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीच्या समुदायाने हा प्रश्न ऑक्टोबर २०२२ च्या मतदानात वेगळ्या पद्धतीने सोडवला. बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचे, पण वेगळ्या विभागात आणि वापरणाऱ्याला सांगून, असे ठरले. त्यासाठी त्यांनी आपल्या सामाजिक करारनाम्यातही बदल केला. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. जे मुक्त नाही त्याला मुक्त म्हणू नका, आणि ते नाहीच असेही भासवू नका. पाइनफोनच्या मॉडेमवर स्वयंसेवकांनी केलेले कामही याच जातीचे. त्या मॉडेमच्या आत लिनक्स चालवणारा आणखी एक प्रोसेसर असतो. तिथले सॉफ्टवेअर त्यांनी बदलून मुक्त केले, आणि रेडिओचा गाभा अजून बंदच आहे हेही स्पष्ट लिहिले.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. बेसबँड खुला केला तर कोणीही नेटवर्कमध्ये गोंधळ घालील, म्हणून तो बंदच बरा, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या हाती पुरावाही आहे. २०१३ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑस्मोकॉमबीबीवर आधारित फर्मवेअर त्याच स्वस्त मोटोरोला फोनमध्ये घातले. टॉवर एखाद्या फोनला हाक मारतो तेव्हा खऱ्या फोनच्या आधी हा तोतया ‘ओ’ देत असे. असे अवघे ११ फोन असले तर ई-प्लस या जर्मन कंपनीची एका विभागातली सेवा ठप्प करता येईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण दोष कुठे होता? हाकेला ओ देणारा खरा की खोटा, हे तपासण्याआधीच नेटवर्क त्याच्यावर विसंबत होते. ही उणीव कळली ती खुल्या फर्मवेअरमुळे. फर्मवेअर बंद राहिले असते तर ती फक्त गुन्हेगारांना आणि हेरखात्यांना ठाऊक राहिली असती. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बदलण्याच्या धोक्याचेही तसेच. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी असा बदल गुन्हा ठरवला, तो तसाच राहावा. पण शिक्षा कृत्याला हवी, ज्ञानाला नको. नियामकाला हा भेद करता येतो याचे उदाहरण अमेरिकेत आहे. टीपी-लिंकचे काही राउटर मर्यादेपेक्षा जास्त ताकदीने प्रक्षेपण करू शकत होते, म्हणून तिथल्या दूरसंचार आयोगाने २०१६ मध्ये कंपनीकडून दोन लाख डॉलर घेतले. आणि त्याच तडजोडीत तिने बाहेरचे मुक्त फर्मवेअर आपल्या राउटरवर चालावे यासाठी काम करावे, असेही कबूल करून घेतले. रेडिओची मर्यादा पाळणे आणि कोड खुला असणे यांत विरोध नाही, हे नियामकानेच मान्य केले.

उरला तो व्यवहारी प्रश्न: मूठभर हौशी लोकांच्या या खटाटोपाचा सामान्य ग्राहकाला काय उपयोग? उपयोग फोन जुना झाल्यावर कळतो. कंपनी काही वर्षांनी सुधारणा देणे थांबवते, मॉडेममधल्या सापडलेल्या त्रुटी तशाच राहतात, आणि धडधाकट यंत्र असुरक्षित ठरून कचऱ्यात जाते. वरचे सगळे तंटे, म्हणजे फुटलेला कोड घ्यावा की नाही, रॉमला माफी द्यावी की नाही, डांबून ठेवणे पुरेसे की नाही, हे माहिती दडवल्यामुळे जन्मलेले आहेत. स्वयंसेवकांना एकीचे धडे देऊन ते मिटणार नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, आणि त्यात मोबाइल फोनचा समावेश आहे. पडदा, बॅटरी आणि सुटे भाग यांवर तिथे न थांबता, ज्या मॉडेमच्या फर्मवेअरची देखभाल कंपनीने सोडली आहे त्याची तांत्रिक कागदपत्रे खुली करण्याची आणि मालकाला स्वतःचे फर्मवेअर चढवू देण्याची अट त्या चौकटीत घालावी. ग्राहक संघटनांनी ही मागणी आताच लावून धरायला हवी.